तुरंबवाडी स्टेशनचा अधिकृत इतिहास

तुरंबवाडीचं रेल्वे स्टेशन बंद पडल्याला आता काही वर्षं झाली. एखादी गोष्ट चालू असताना तिच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसांना ती बंद पडल्यावर तिचा इतिहास हवासा वाटू लागतो. त्याला अनुसरून ‘तुरंबवाडी स्टेशन स्मृती समिती’नं गेल्या चैत्रात ठराव केला, की स्टेशनचा संक्षिप्त परंतु सविस्तर इतिहास पुस्तकरूपानं प्रसिद्ध करावा. मी समितीचा चिटणीस. सभेच्या दिवशी दाढ दुखत असल्यामुळे मी घरी होतो, म्हणून लेखनाचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष हंबीरराव पाटील स्वतः ठराव घेऊन घरी आले, चहा प्याले आणि उठता उठता म्हणाले, “तात्या, जे खरं हाय तेच लिवायचं. फकस्त सुरवात आमच्या म्हशीपासनं करा.”

म्हशीपासून सुरुवात करणं इतिहासालाही धरूनच आहे. कोल्हापूरहून मिरजेकडे लोहमार्ग पडला, तेव्हा संस्थानच्या नकाशात तुरंबवाडीला स्टेशन नव्हतं. गाडी शिवेवरून शिट्टी फुंकत निघून जायची आणि गावानं नुसतं बघायचं. मात्र रुळांसाठी माती उपसल्यामुळे तिथं एक मोठा खड्डा पडला होता आणि त्यात पाणी साचून राहायचं. हंबीररावांच्या आजोबांची म्हैस त्या पाण्यात मनसोक्त डुंबायची आणि नंतर अंग सुकवायला रुळांवर येऊन रवंथ करीत बसायची. गाडी थांबायची. ड्रायव्हर शिट्ट्या मारायचा, फायरमन खाली उतरून शेपूट पिरगाळायचा, आणि तेवढ्या वेळात गावातली दहा-वीस माणसं डब्यात चढून बसायची.

रेल्वेनं दरबाराला लिहिलं, की म्हैस हलवावी. दरबारानं मामलेदाराला लिहिलं, मामलेदारानं पाटलांना लिहिलं, आणि पाटलांनी म्हशीकडे पाहिलं. म्हैस उठली नाही. पुढे काही वर्षं हा पत्रव्यवहार चालला आणि अखेर म्हैस हलवण्यापेक्षा ती बसते तिथं स्टेशन बांधणं सोपं आहे, असा निष्कर्ष निघाला. अशा रीतीनं तुरंबवाडीला स्टेशन मिळालं. सदर म्हशीचं छायाचित्र उपलब्ध नसल्यामुळे समितीच्या कार्यालयात तिच्या जागी हंबीररावांच्या आजोबांचं छायाचित्र लावण्यात आलं आहे.

आता एका तांत्रिक बाबीचा खुलासा करायला हवा. ती बाब म्हणजे तिकीट. ज्या घराण्याच्या म्हशीनं स्टेशन आणलं, त्या घराण्याकडे तिकीट मागणं कुणालाच बरं दिसेना. म्हणून पहिल्या दिवसापासून पाटील विनातिकीट जात. पाटील जातात म्हटल्यावर त्यांची भावकी निघाली. भावकीला सोडलं आणि सोयऱ्यांना अडवलं तर वाईट दिसेल, म्हणून सोयरे आले. मग ज्यांची जमीन रुळांखाली गेली होती त्यांनी विचारलं, की आम्ही काय पाप केलंय? त्यांचं म्हणणं मान्य झालं. त्यानंतर ज्यांची जमीन रुळांखाली जाता जाता वाचली होती ते पुढे आले. त्यांना नुकसानभरपाई मिळाली नव्हती, सबब त्यांचा हक्क अधिकच पक्का ठरला. एवढं झाल्यावर गावात तिकीट काढण्यासारखं कुणी उरलं नाही.

याचा अर्थ लोक प्रवास करीत नव्हते, असा कुणी घेऊ नये. खासबागेत कुस्तीचं मैदान असलं की अर्धं गाव गाडीला लटकायचं. जोतिबाच्या यात्रेला तर सासनकाठ्यांसकट जायचं. कोर्टाच्या तारखा, गुळाचे भाव, रंकाळ्यावरची हवा, कशासाठीही तुरंबवाडीकर गाडीत बसत आणि आपली गाडी म्हणून अगदी पाय पसरून बसत.

त्र्यंबकराव स्टेशनमास्तर म्हणून आले ते संस्थानच्या अखेरच्या काळात. मूळचे मिरजेचे. सडपातळ अंगाचे, शब्दाला मऊ आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव फाटकातून आत आले, तेव्हा त्र्यंबकरावांनी त्यांच्यापुढे हात केला.

“तिकीट?”

हंबीररावांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी परका उभा असेल अशी त्यांची समजूत झाली.

“कुणाला म्हनताय?”

“आपल्यालाच, पाटील.”

“मास्तर, गावात नवं हायसा म्हणून राग धरत न्हाय. तुमच्या घरात पावणं आलं, तर ताटाचं पैसं मागतासा व्हय?”

“घर माझं आहे. गाडी सरकारची.”

“सरकार कुणाचं?”

“महाराजांचं.”

“आनि महाराज कुणाचं?”

त्र्यंबकरावांचा हात पुढेच होता.

“आमचं,” हंबीरराव म्हणाले आणि डब्यात चढले.

त्र्यंबकरावांनी तरीही काही दिवस फाटकात हात पुढे करून पाहिला. गाव त्यांना वावगा शब्द बोललं नाही. फक्त रतिबाचं दूध येईनासं झालं. त्यांच्या पत्नीला, माईंना, विहिरीवर बायका “या पावणं” म्हणून मोठ्या आदरानं जागा करून देऊ लागल्या. कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको, की रोज दिसणाऱ्या माणसाला ‘पावणं’ म्हणायचं म्हणजे त्याला शिवेबाहेर नेऊन सोडण्यासारखं आहे. माई घरी येऊन रडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी हात मागं घेतला. त्याच संध्याकाळी जाड सायीचं दूध आलं, सोबत भोपळा आला, आणि कुणीतरी ओट्यावरून ओरडलं, “अवो माईवैनी, खरवस ठेवलाय!” त्र्यंबकराव आपला माणूस झाले. पुढे त्यांनी गावात फार सुखाचे दिवस काढले. स्टेशनभोवती जास्वंद लावली, पोरांना अक्षर शिकवलं, आणि तिकिटांच्या लाकडी पेटीवर धूळ बसू दिली.

ती पेटी दिवसातून एकदा उघडायची, ती तानाबाईसाठी. तानाबाई दह्याचं मोठं गाडगं डोक्यावर घेऊन सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जायची, लक्ष्मीपुरीच्या बाजारात दही विकायची आणि दुपारी रिकामं गाडगं घेऊन परत यायची. तिच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. सकाळची गाडी चुकली तर दही दुपारपर्यंत आंबायचं आणि त्या दिवशी चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडायचा. म्हणजे स्टेशनची खरी गरज कुणाला असेल तर ती तिला. आणि तिकीटही तीच काढायची, रोज, न चुकता. गावाला हे फार लागलं होतं.

एकदा हंबीररावांनी तिला फलाटावरच थांबवलं.

“तानाबाई, तू काय परकी हायस व्हय गं? चारचौघांत तिकीट काडतीस. मास्तरला काय वाटंल?”

“मास्तरला काय बी वाटूंदे. फुकाट बसलं की भांडता येत न्हाय.”

“म्हंजी?”

“माझं गाडगं खिडकीपाशी लागतं. तितं कुणी बूड टेकलं, तर मी तिकीट दावून उठीवती. गाडीला उशीर झाला, तर गार्डाला खाली उतरवून इचारती. तुमी इचारून दावा बघू. त्यो पयल्यांदा तुमचं तिकीट मागंल.”

हंबीररावांनी विषय बदलला. तानाबाई भांडायची हे मात्र खरं होतं. मिरजेपर्यंतचे सगळे गार्ड तिला ओळखत आणि गाडी तुरंबवाडीला आली की पलीकडच्या बाजूला तोंड करून उभे राहत.

पुढे संस्थान विलीन झालं. महाराज कुणाचे, हा मुद्दा निकालात निघाला. सरकार मुंबईला गेलं आणि आमची गाडी कुणा लांबच्या ऑफिसाकडे गेली. त्या ऑफिसात बसलेल्या माणसाचं तुरंबवाडीत ना सोयरं ना भावकी. त्यानं जमाखर्च पाहिला आणि विचारणा केली, की तुरंबवाडी येथे रोज सरासरी एक प्रवासी चढतो असे दिसते. सदर प्रवाशासाठी एक इमारत, एक स्टेशनमास्तर, एक पोर्टर, तीन कंदील व वाळूच्या दोन बादल्या ठेवण्यात आल्या आहेत. सदर प्रवाशाची अन्यत्र सोय करून स्टेशन बंद करता येईल किंवा कसे, याबाबत प्रत्यक्ष पाहणी करावी.

त्र्यंबकरावांनी हे चावडीत वाचून दाखवलं. गाव खवळलं. आमच्या म्हशीचं स्टेशन बंद करणारे हे कोण? तिथल्या तिथं ‘स्टेशन बचाव समिती’ स्थापन झाली. हंबीरराव अध्यक्ष, मी चिटणीस, बाकी सगळं गाव सदस्य. तानाबाई दही विरजायला गेली होती, ती तेवढी राहून गेली.

पाहणीला साहेब येणार त्या दिवशी प्रवाशांची गर्दी दाखवायची, असं ठरलं. सकाळपासून फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. लोकांनी ट्रंका आणल्या, वळकट्या आणल्या, करडं आणली. एका घरानं तर पाळणा आणला होता. लेझीम होतं, हलगी होती. गाडीतून साहेब उतरले आणि आश्चर्यानं चष्मा पुसू लागले.

“एवढे प्रवासी?” त्यांनी विचारलं.

“रोजचंच हाय सायेब,” हंबीरराव म्हणाले. “आज जरा कमीच हायती.”

“उत्तम. तिकिटं पाहू.”

हलगी थांबली. त्र्यंबकराव जास्वंदीकडे बघू लागले. एका करडानं तेवढं तोंड उघडलं. पण हंबीरराव हे अध्यक्ष उगीच झालेले नाहीत. ते पुढे झाले आणि साहेबांच्या गळ्यात हार घातला.

“सायेब, आज प्रवासी कुणी न्हाय. आज समदी तुमच्या सत्काराला आलीया.”

“मग या वळकट्या?”

“तुमी दमला असशीला. आडवं व्हाया.”

एवढ्यात गर्दीतून वाट काढत तानाबाई आली. तिनं गाडगं खाली ठेवलं आणि कमरेचं तिकीट काढून साहेबांच्या नाकासमोर धरलं.

“तुमीच व्हय रेल्वेचं? बरं झालं घावलासा. बेस्तरवारी गाडी उशिरा आली. दही आंबून गेलं, कुत्र्याम्होरं टाकलं. त्ये कोण भरून देणार?”

साहेबांनी सभ्यपणानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत टिपण केलं: प्रवासी एक, तक्रारदार एक. म्हणजे या स्टेशनवरचे शंभर टक्के प्रवासी असमाधानी होते. एवढं असमाधान लाइनीवर दुसऱ्या कुठल्याही स्टेशनवर नाही, असं ते चहा पिताना त्र्यंबकरावांना म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्यानं त्र्यंबकरावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर तिकिटं खपली तर स्टेशन राहील. फार नकोत, घरटी महिन्याला एखादं खपलं तरी भागेल.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच देवळात सभा भरली. त्र्यंबकराव बोलायला उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती.

“मंडळी, मी इतकी वर्षं तुमच्यात राहिलो. तुम्ही मला काही कमी पडू दिलं नाही. आता एकच मागणं आहे. तिकिटं काढा. नाहीतर तानाबाईच्या पोटावर पाय येईल, आणि मला हे गाव सोडावं लागेल. ते माझ्यानं होणार नाही.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हंबीरराव ताडकन उभे राहिले. ते म्हणाले, “मास्तर, असं बोलू नगासा. तुमच्यासाठी हे गाव जीव दील!”

“जीव नको, पाटील. तिकीट काढा.”

“तितंच चुकताय तुमी,” हंबीरराव समजावणीच्या सुरात म्हणाले. “आज इतकी वर्सं तुमी आमाला प्रेमानं नेलं. आता एकदम तिकीट काडलं, तर पंचक्रोशीत काय बोलतील? म्हणतील, मास्तरचं आनि गावचं फाटलं. तुमची अशी बदनामी मी जित्ता असंपर्यंत हू देणार न्हाय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्र्यंबकराव खाली बसले. स्टेशन वाचलंच पाहिजे, असा ठराव एकमतानं संमत झाला.

आंदोलनाला जोर चढला. रोज सकाळच्या गाडीनं एक शिष्टमंडळ कोल्हापूरला जाऊ लागलं. कधी कलेक्टरसाहेबांना निवेदन, कधी वकिलांचा सल्ला, कधी छापखान्यात पत्रकं. दुपारी मिसळ खाऊन, एखादा सिनेमा पाहून मंडळी थकूनभागून परत येत. तुरंबवाडीच्या इतिहासात इतका प्रवास कधीच झाला नव्हता. एकदा त्र्यंबकरावांनी खिडकीतून हळूच विचारलं, “पाटील, निदान शिष्टमंडळानं तरी…”

“मास्तर!” हंबीरराव दुखावलेच. “आमी स्टेशनच्या कामाला निगालोय, आनि स्टेशनच आमाला तिकीट मागतंय?”

शिष्टमंडळ गाडीत चढलं आणि तानाबाईच्या गाडग्याला सरकवून खिडकीपाशी बसलं. तिनं तिकीट दाखवून त्यांना उठवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती दोन तिकिटं काढू लागली. एक स्वतःचं, एक गाडग्याचं.

“गाडग्याला तिकीट लागत नाही, तानाबाई,” त्र्यंबकराव म्हणाले.

“लागूंदे, न्हायतर न लागूंदे. माझं गिराईक हाय कोल्लापुरात. म्या एकटीनं काडून स्टेशन ऱ्हात असलं तर ऱ्हाऊंदे की.”

महिनाअखेर त्र्यंबकरावांनी आकडे समितीपुढे ठेवले. विक्री बरोबर दुप्पट झाली होती. समितीनं पेढे वाटले. कोल्हापूरच्या एका वर्तमानपत्रात मी स्वतः बातमी दिली, ‘तुरंबवाडीकरांच्या जागृतीचे फळ : तिकीटविक्रीत शंभर टक्के वाढ’. ते कात्रण कार्यालयात म्हशीच्या, म्हणजे आजोबांच्या छायाचित्राखाली लावलेलं आहे.

ऐन याच काळात सडकेनं एस.टी. सुरू झाली. स्टेशनच्या फाटकासमोरच ती थांबायची. तिचा कंडक्टर पिराजी हा शिरोळकडचा, तोंडानं फटकळ आणि गावात कुणालाच ओळखत नसलेला. पहिल्याच दिवशी तो चिमटा टकटकवत ओरडला, “चला, तिकीट! सुट्टं काडा, पावणं!” आणि हंबीररावांसकट सगळ्यांनी मुकाट्यानं काढलं. कुणाला काही लागलं नाही. परक्याच्या गाडीत तिकीट काढायचं नाही तर काय करायचं? फक्त तानाबाईची तिथं सोय नव्हती. दही सांडतं म्हणून पिराजी गाडगं आत घेईना.

त्र्यंबकराव फलाटावरून हे रोज पाहत होते. एके दिवशी त्यांनी मला बाकावर बसवून घेतलं.

“तात्या, तिथं सगळे तिकीट काढतात?”

“हो.”

“आणि काही वाटत नाही त्यांना?”

“वाटायचंय काय? कंडक्टर परका आहे.”

त्यांनी कोटाची उघडी बटणं चाचपली. मग म्हणाले, “म्हणजे मी परकाच राहायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी परकं होण्याचा प्रयत्न सुरू केला. त्यांनी कोटाची बटणं पुन्हा गळ्यापर्यंत लावली. कुणाच्या रामरामाला उत्तर देईनात. आलेलं दूध परत पाठवलं. फाटकात उभे राहून, आवाज चढवून ते म्हणाले, “तिकीट! तिकिटाशिवाय आत सोडणार नाही!”

गाव आठवडाभर हसत होतं. हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “काय मास्तर, माईवैनींशी वाजलं व्हय?” संध्याकाळी सात घरांतून पुरणपोळ्या आल्या. मास्तर रुसलंय, समजूत काढाया पायजे, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. परका माणूस एका दिवसात आपला होतो, पण आपला झालेला माणूस पुन्हा परका होऊ शकत नाही, हे त्र्यंबकरावांना पुरणपोळी खाताना कळून चुकलं असावं. त्यांनी वरची दोन बटणं पुन्हा काढली.

दिवाळी झाली आणि स्टेशन बंद करण्याचा हुकूम आला. शेवटचा दिवस ठरला. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं त्र्यंबकराव आणि माई सामानासह कोल्हापूरला जाणार, ती गाडी तुरंबवाडीला थांबणारी अखेरची गाडी. सगळं गाव लोटलं. या वेळी ट्रंका नव्हत्या, करडं नव्हती, आणि रडणं खोटं नव्हतं. मी स्वतः रडलो. हंबीरराव तर लहान मुलासारखे रडत होते. तानाबाई खिडकीशी आली. सकाळी दही विकून आली होती, तरी पुन्हा आली.

“मास्तर, उद्याची दोन द्या.”

“उद्या गाडी थांबणार नाही, तानाबाई.”

“मग आताची द्या. मी बी येती तुमाला घालवाया.”

त्र्यंबकरावांनी पेटी उघडली आणि तिला दोन तिकिटं दिली. नंतर पेटीला कुलूप लावून ते खाली मान घालून बाहेर आले.

“मास्तर,” हंबीरराव हुंदका देऊन म्हणाले, “तुमी आपलं माणूस होतासा!”

“त्याचंच वाईट वाटतं, पाटील.”

गाडी आली. मास्तरांना असं एकट्यानं कसं पाठवायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि गाव हां हां म्हणता डब्यांत चढलं. म्हातारे चढले, पोरं चढली, हलगीवाले चढले. कोल्हापूरपर्यंत भजन म्हटलं. तिथं त्र्यंबकरावांना टांग्यात बसवून दिलं, त्यांच्या गळ्यात पडून निरोप घेतला, आणि गाव त्याच समाधानात मिरजेच्या गाडीत येऊन बसलं.

तुरंबवाडी आली तेव्हा पाहिलं तर फलाटावर कंदील नव्हता. मंडळी सवयीनं दाराशी येऊन उभी राहिली. गाडी थांबली नाही. स्टेशन बंद होतं, ते आम्हीच नुकतं बंद करून आलो होतो, आणि बंद स्टेशनवर गाडी थांबत नसते. आमचं गाव, आमची देवळाची दिवटी, आमची जास्वंद डोळ्यांदेखत मागं गेली. हंबीररावांनी दारातून हाक मारली, “अरं थांबीव! थांबीव की मर्दा! पाटील हाय हितं!” रुळावर म्हैस असती तर उपयोग झाला असता.

पुढच्या स्टेशनवर सगळं गाव खाली उतरलं. तिथला मास्तर कुठून तरी लांबून आलेला, हिंदीत बोलणारा. त्यानं फाटकात हात पुढे केला. हंबीररावांनी त्याला म्हशीपासून सगळं सांगितलं. त्याला मराठी कळत नव्हतं. शेवटी प्रत्येकानं जाण्याचं, येण्याचं आणि वर दंडाचं असं निमूट भरलं. कुणी हुज्जत घातली नाही, परक्या माणसाशी कसली हुज्जत घालायची? हा भरणा तुरंबवाडीच्या नावावर जमा झाला असता तर स्टेशन कितीतरी वर्षं चाललं असतं, असं तो मास्तर खूष होऊन म्हणाल्याचं आमच्यातल्या हिंदी कळणाऱ्यांनी सांगितलं. तानाबाई कोल्हापुरातच इथवरचं काढलेलं तिकीट पदराखालून दाखवून आमच्याआधी बाहेर पडली. शिवारातून गावाकडे चालताना ती एकदाच बोलली.

“चला, आज समदी प्रवासी झालासा.”

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून, डोक्यावर गाडगं घेऊन, त्या स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागली. अजून जाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की राहते, मग त्या दिवशी दही फुकट जातं. रुळांच्या कडेनं तिला जाताना पाहिलं की वाईट वाटतं. समितीनं याबाबत दुखवट्याचा ठराव केलेला आहे.

बचाव समितीचं नाव नंतर स्मृती समिती झालं. इमारतीचा ताबा समितीकडे आहे आणि दर वर्षी तिथं स्मृतिदिन होतो. आपली गाडी किती वेळेवर यायची, यावर भाषणं होतात. बाहेरगावचे वक्ते एस.टी.नं येतात. एस.टी.चंही आता बरं चाललं आहे. पिराजी कंडक्टरला गेल्या वर्षी हंबीररावांच्या पुतणीची, चिमणाबाईची, सोयरीक आली आणि तो गावचा जावई झाला. जावयाकडून तिकीट कसं घ्यायचं? म्हणजे जावयाला तिकिटाचे पैसे कसे द्यायचे? शोभत नाही ते. तेव्हापासून गाव सुखानं एस.टी.त बसतं. परवाच डेपोतून कळलं, की तुरंबवाडीला प्रवासी मिळत नसल्यामुळे फेरी बंद करण्याचा विचार चालू आहे. समितीनं शिष्टमंडळ नेमलं आहे. ते एस.टी.नंच जाणार आहे.

पहिल्या आवृत्तीतला इतिहास इथं संपला होता. दुसऱ्या आवृत्तीत पुढचा मजकूर जोडणं भाग पडलं.

फुकट दिलेल्या वस्तूची लोकांना किंमत नसते, असं अध्यक्षांचं मत पडल्यामुळे पुस्तकाची किंमत आठ आणे ठेवली होती. पहिली आवृत्ती हातोहात संपली. विकली गेली एक प्रत, ती तानाबाईनं घेतली. तिला वाचता येत नाही.

“मग घेतलीस कशाला?” मी विचारलं.

“लेकीकडनं वाचून घेती. आनि खोटं निगालं तर तुमच्या दारात येती. पैसं मोजल्यात म्या.”

ती आतापर्यंत दोनदा येऊन गेली. म्हैस पाटलांची नव्हती, तिच्या आजेसासऱ्याची होती, असं तिचं म्हणणं आहे. तिचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू गेला. मला ऐकून घ्यावं लागलं, कारण तिच्या हातात विकत घेतलेलं पुस्तक होतं.

बाकी सगळ्या प्रती आपल्याच माणसांना गेल्या. तेव्हा वाचकहो, ही प्रत तुमच्या हातात कशी आली, हे मी विचारणार नाही. शेजाऱ्याकडून आणली असेल, पाहुण्यांच्या घरून उचलली असेल, लेखक ओळखीचा म्हणून मिळाली असेल. आपण काही परके नाही. वाचून झाली की पुढं कुणाला तरी द्या. फक्त यात काही चुकीचं आढळलं, तर माझ्या दारात भांडायला येऊ नका. रांगेत तिथं तानाबाई एकटीच आहे.